चहाचा मळा आणि डोंगराचा हिशेब

निलगिरीच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटर उंचीच्या आसपास, पूर्वी उतारांवर विस्तीर्ण गवत आणि ओढ्यांच्या उगमाशी ‘शोला’ नावाचे ठेंगणे, सदाहरित अरण्य नांदत असे. त्या गवतावर तोडा लोकांच्या म्हशी चरत, आणि पावसाचे पाणी मुळांतून व काळ्या मातीतून संथपणे झिरपत मोयार आणि भवानी या नद्यांना मिळून, कावेरीच्या खोऱ्यातील शेतकऱ्याला पाऊस सरल्यावरही लाभे.

१८१९ साली कोईमतूरचे कलेक्टर जॉन सुलिव्हन या डोंगरांवर आले आणि इंग्रजांच्या वसाहतीचा पाया पडला. ज्या भूमीवर नांगर फिरत नाही आणि जिचे लाकूड बाजारात जात नाही, ती महसुली दफ्तरात पडीक ठरली. आपल्याकडील कोकणातला सडाही असाच पोटखराब्यात ढकलला जातो. त्या पडीक ठरलेल्या गवतावर पुढे युकॅलिप्टस व वॅटल ही झाडे उभी राहिली, आणि अरण्य तोडून कॉफी, सिंकोना व चहा लावला गेला. १९६४ च्या भारत-श्रीलंका करारानंतर श्रीलंकेतून परतलेल्या तमिळ मजुरांना रोजगार देण्यासाठी सरकारनेच चहाचे नवे मळे काढले. त्या निराधार कुटुंबांना आसरा मिळाला हे मी मोलाचे मानतो. परंतु त्या आसऱ्यापायी डोंगराने काय गमावले, याची जमाबंदी कोणी केली नाही.

तशी जमाबंदी करण्याचा मोठा प्रयत्न १९९७ साली पर्यावरण-अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉस्टान्झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. पाणी राखणे, माती धरणे, परागीभवन, हवामानाचे नियमन अशा निसर्गाच्या सेवांचे वार्षिक मूल्य त्यांनी सरासरी ३३ लाख कोटी डॉलर धरले, जेव्हा साऱ्या जगाचे राष्ट्रीय उत्पन्न सुमारे १८ लाख कोटी डॉलर होते. भूमीच्या प्रत्येक प्रकाराला हेक्टरी दर लावून त्यास क्षेत्रफळाने गुणायचे, ही त्यांची रीत पुढे अनेक अभ्यासकांनी उचलली.

या रीतीत चहाच्या मळ्याला दर कोणता लावावा, हीच खरी अडचण आहे. सिल्व्हर ओकच्या सावलीतला मळा वरून वनासारखा दिसतो, आणि आपल्या वनसर्वेक्षणातही एक हेक्टरहून मोठी व दहा टक्क्यांहून दाट वृक्षछाया असलेली जमीन, मालकी कोणाचीही असो, वनाच्छादनातच गणली जाते. जम बसलेला मळा माती बऱ्यापैकी धरून ठेवतो, हे न्यायाने सांगितलेच पाहिजे. धूप होते ती मुख्यतः जमीन उघडी असलेल्या प्रारंभीच्या वर्षांत. पण शोल्यातील अनेक जातींच्या जागी एकच झुडूप, खते आणि फवारे येतात, तेव्हा हिरवेपण टिकूनही सेवा घटते. वृक्ष वाढले म्हणजे मूल्य वाढले, हेही खरे नव्हे: निलगिरीतल्याच ग्लेनमॉर्गन येथे गवताच्या पाणलोटात युकॅलिप्टस लावल्यावर पहिल्या तोडीपर्यंतच ओढ्याचे पाणी सुमारे १६ टक्क्यांनी कमी झाले.

म्हणून दर ठरविताना दरांच्या कोष्टकाआधी ओढा मोजावा, असे माझे आग्रहाचे मत आहे. आणि मळा राखूनही अरण्य सावरता येते: शेजारच्या अनमलैमध्ये, वालपराईच्या चहामळ्यांनी वेढलेल्या अरण्याच्या तुकड्यांत, नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशन या संस्थेचे कार्यकर्ते मळेवाल्यांच्या संमतीने गेली वीसेक वर्षे देशी वृक्ष पुन्हा लावीत आहेत; चहा तिथे आजही खुडला जातो.