मरळ, मागूर हवेतून श्वास कसा घेतात? शेततळ्यातील मत्स्यपालकांनी काय ओळखावे?

जालना जिल्ह्यात कडवंचीसारख्या गावांत द्राक्षबागांसाठी मोठ्या प्रमाणावर शेततळी झाली. अशा तळ्यात मासे सोडले, की पहाटे ते पाण्यावर तोंड काढताना दिसू शकतात. काही माशांची ती सवय असते, तर काहींसाठी तो धोक्याचा इशारा असतो. दोन्हींतला फरक ओळखता आला, तर तळे वाचते.

कल्ल्यांची मर्यादा

एक लिटर हवेत सुमारे २१० मिलि ऑक्सिजन असतो. एक लिटर पाण्यात मात्र जेमतेम ५ ते ७ मिलि विरघळतो, आणि पाणी तापले की तोही कमी होतो. असे असूनही रोहू, कटला पाण्याबाहेर गुदमरतात. कल्ल्यांच्या नाजूक पाकळ्या पाण्याच्या आधारानेच सुट्या राहतात. हवेत त्या एकमेकींना चिकटतात आणि सुकतात.

हवा घेणारे मासे

- मरळ : कल्ल्यांच्या वर रक्तवाहिन्यांचे अस्तर असलेली पोकळी असते. मोठ्या मरळीला वर येऊ दिले नाही, तर ती चांगल्या पाण्यातही गुदमरून मरते.
- मागूर : कल्ल्यांजवळ झाडाच्या फांद्यांसारखा लाल अवयव असतो.
- शिंगी : कल्ल्यांपासून शेपटीकडे जाणाऱ्या दोन लांब पिशव्या असतात.
- निवटी : कोकणातील खाडीच्या चिखलावर उड्या मारणारा हा मासा ओल्या त्वचेतून आणि तोंडाच्या आतील अस्तरातून ऑक्सिजन घेतो.

हे मासे हवेतून ऑक्सिजन घेतात. कार्बन डायऑक्साइड मात्र मुख्यतः कल्ले व त्वचेतून पाण्यात सोडतात. म्हणून पाण्याबाहेर टिकण्यासाठी अंग ओले राहणे गरजेचे असते.

तळ्यावर काय पाहावे?

मरळ एकेकटी वर येते, घोट घेते आणि लगेच खाली जाते. ही तिची सवय आहे. रोहू, कटला, मृगळ मात्र थव्याने वर राहून तोंड उघडझाप करत असतील, तर पाण्यातील ऑक्सिजन संपत आला आहे. शेवाळ रात्रभर ऑक्सिजन वापरते, त्यामुळे पहाटे तो सर्वांत कमी असतो. अशा वेळी :

- खाद्य व शेणखत लगेच थांबवावे.
- पंपाने तळ्याचेच पाणी उंचावरून फवाऱ्यासारखे परत सोडावे किंवा एरेटर चालवावा.
- शक्य असल्यास ताजे पाणी सोडावे.

मरळ, मागूर पाळताना

- पाण्याचा पृष्ठभाग मोकळा ठेवावा. वनस्पतींचा जाड थर होऊ देऊ नये.
- पावसात हे मासे ओल्या काठावरून सरपटत बाहेर जातात. काठाला जाळीचे कुंपण करावे.
- मरळ शिकारी मासा आहे. ती कार्पच्या बोटुकलीसोबत सोडू नये.
- आफ्रिकन मागूर ('थाई मागूर') पाळण्यावर २००० पासून बंदी आहे. बीज घेताना जातीची खात्री करावी.