विश्लेषण : ७१ मिनिटांचा ‘द हिच-हायकर’ आजही अस्वस्थ का करतो?

रस्त्यात लिफ्ट मागणाऱ्या अनोळखी माणसाला गाडीत घ्यावे का? १९५३ मधील अमेरिकी थरारपट ‘द हिच-हायकर’ याच भीतीवर उभा आहे.

कथा काय?
मासेमारीला निघालेले दोन मित्र एमेट मायर्स या खुन्याला गाडीत घेतात. तो पिस्तुलाच्या धाकावर त्यांना मेक्सिकोतील बाहा कॅलिफोर्नियात नेतो. त्याचा एक डोळा झोपेतही मिटत नाही. त्यामुळे तो जागा आहे की झोपला, हेच कळत नाही.

सत्य किती?
१९५०-५१ मध्ये सहा जणांचे बळी घेणाऱ्या बिली कुकवर हे पात्र बेतले आहे. कुकला डिसेंबर १९५२ मध्ये मृत्युदंड देण्यात आला.

प्रेक्षक काय म्हणतात?
तीन माणसे, एक मोटार आणि उजाड माळ एवढ्यावर ताण टिकतो, याचे कौतुक होते. विल्यम टालमनचा मायर्सही वाखाणला जातो. शेवट घाईत उरकल्याची तक्रार मात्र असते. दोघे असून पळत का नाहीत, असेही विचारले जाते. उत्तर चित्रपटातच आहे : एक निसटला, तर दुसऱ्याचा जीव जाईल. मायर्स या मैत्रीलाच दुबळेपणा म्हणतो.

महत्त्व काय?
दिग्दर्शिका आयडा लुपिनो. हॉलीवूडमध्ये दिग्दर्शिका दुर्मीळ असतानाचा हा चित्रपट १९९८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत समाविष्ट झाला.