लाखोंचं मशीन नसेल, तर गाईची डीएनए टेस्ट होऊ शकते का?

पावसाळ्यात रत्नागिरीतल्या एखाद्या गोठ्यात गाईच्या अंगावर गाठी दिसल्या की पहिला प्रश्न एकच असतो, लम्पी तर नाही ना? ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जिल्ह्यातून साथीची बातमी आली आणि बघता बघता ती राज्यभर पसरली. तेव्हापासून हे नाव प्रत्येक पशुपालकाला पाठ आहे.

पण गाठ म्हणजे लम्पीच, असं नसतं. माश्या चावल्यानं किंवा दुसऱ्या त्वचारोगांमुळंही तशाच गाठी येतात. खात्री करायची तर विषाणूचा डीएनए शोधावा लागतो, आणि त्यासाठी नमुना पुण्यात औंधच्या प्रयोगशाळेत पाठवायचा म्हणजे तीनशे किलोमीटरहून जास्त अंतर झालं. गाय वेगळी बांधायला आणि उपचार सुरू करायला कोणी रिपोर्टची वाट बघत नाही, बघूही नये. प्रश्न असतो तो आजूबाजूच्या जनावरांचा. २०२२ मध्ये बाधित गावापासून ५ किलोमीटरच्या परिघात लस दिली जात होती. निदानाला चार दिवस उशीर झाला, तरी डास, माश्या आणि गोचीड काही थांबत नाहीत.

मग ही टेस्ट जिल्ह्यातच का होत नाही? कारण नेहमीची पद्धत म्हणजे पीसीआर. त्यात नमुना आधी ९५ अंशांपर्यंत तापवायचा, मग साधारण ५५ पर्यंत थंड करायचा, पुन्हा ७२ वर न्यायचा. अशा ३० ते ४० फेऱ्या. दर फेरीत डीएनए दुप्पट होतो, म्हणजे ३० फेऱ्यांत एकाच्या शंभर कोटींहून जास्त प्रती. हे काम अचूक करणारं रिअल टाइम मशीन लाखोंच्या घरात जातं.

यावर जपानी संशोधकांनी २००० साली एक पर्याय मांडला, त्याचं नाव लॅम्प. यातलं एन्झाइम डीएनएची जोडी स्वतःच उलगडतं, त्यामुळं वर-खाली तापमानाची गरजच उरत नाही. नळी ६०-६५ अंशांवर तासभर ठेवली की काम झालं. एवढं तर गरम पाण्याचं साधं उपकरणही करतं. निकाल वाचायलाही मशीन लागत नाही. नळीत फिनॉल रेड असेल, तर डीएनए वाढला की गुलाबी रंग पिवळा होतो. फक्त नमुना मुळातच आम्लधर्मी असेल, तर रंग उगाच बदलू शकतो. म्हणून काही जण जांभळ्याचा आकाशी होणारा दुसरा रंग वापरतात.

लम्पीच्या बाबतीत दोन गोष्टी पथ्यावर पडतात. कोरोनाचा विषाणू आरएनएचा, त्याचं आधी डीएनएत रूपांतर करावं लागायचं. लम्पीचा विषाणू डीएनएचाच आहे, त्यामुळं ती पायरी वाचते. शिवाय गाठीवरच्या खपलीत तो भरपूर असतो. महागडं किट नसेल, तर खपलीचा तुकडा पाण्यात उकळून, गाळ खाली बसवून वरचं पाणी वापरता येतं. लॅम्पचं एन्झाइम अशा थोड्या अशुद्ध नमुन्यालाही बऱ्यापैकी सांभाळून घेतं.

खरी अडचण वेगळीच आहे. टेस्ट झालेली नळी उघडली की विषाणूच्या डीएनएच्या कोट्यवधी प्रती हवेत, हातमोज्यांवर आणि टेबलावर पसरतात. दुसऱ्या दिवशी निरोगी गाईचा नमुनाही पॉझिटिव्ह दिसतो आणि एखाद्याचं जनावर विनाकारण वेगळं बांधलं जातं. उपाय फुकट आहे, पण शिस्तीचा आहे. नळी पुन्हा उघडायची नाही, मिश्रण एका खोलीत बनवायचं आणि टेस्ट दुसऱ्या खोलीत करायची. प्रत्येक वेळी एका नळीत नुसतं शुद्ध पाणी ठेवायचं. ती पिवळी झाली, तर सगळी टेस्ट रद्द.

दुसरी अडचण विजेची. एन्झाइम उणे २० अंशांत ठेवावं लागतं. जून २०२० मधल्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडात कित्येक दिवस वीज नव्हती, असा फ्रीजर काय कामाचा? त्यामुळं कोकणात सुकवलेल्या पावडरीच्या रूपातलं एन्झाइम जास्त सोयीचं. बॅटरीवर चालणारं पीसीआर मशीनही आता आहे. गोव्याच्या मोलबायो कंपनीचं ट्रूनॅट माणसांच्या क्षयरोगासाठी देशभरातल्या छोट्या आरोग्य केंद्रांत वापरलं जातं.

लॅम्पनं हो किंवा नाही एवढंच कळतं. विषाणू बदलतोय का, हे बघायला सिक्वेन्सिंग लागतं आणि त्यासाठी नमुना मोठ्या प्रयोगशाळेतच जातो. त्यामुळं खपलीचा अर्धा तुकडा जिल्ह्यात तपासायचा आणि अर्धा पुण्याला पाठवायचा, हीच वाटणी व्यवहारी ठरते. खपली मात्र पशुवैद्यकानंच काढायची. ती सुकली, तरी तिच्यातला विषाणू महिनाभर जिवंत राहू शकतो.