कापलेल्या विनोदाच्या जागी

'सुपरमॅन २' मधला मेट्रोपोलिस शहरातला तो रस्ता डोळ्यांपुढे आणा. क्रिप्टॉन ग्रहावरचे तीन गुन्हेगार पृथ्वीवर उतरलेत. त्यांनी सुपरमॅनला बसखाली चिरडलंय. तो मेला असं समजून रस्त्यावरची साधी माणसं, हाताला लागेल ते उचलून, त्या तिघांच्या अंगावर धावून जातात. केवढं धाडस! आणि ते तिघे काय करतात? नुसती फुंकर मारतात. त्या फुंकरीने वादळ उठतं, मोटारी सरकतात, माणसं उडून पडतात.

अंगावर काटा यायला हवा की नाही? पण १९८० च्या मूळ चित्रपटात ह्याच वादळात एकाचा केसांचा टोप उडतो. कुणाचं तरी आइस्क्रीम उडून तोंडावर बसतं. चाकांचे बूट घातलेला एक जण उलट्या दिशेने घरंगळत जातो. टेलिफोन बूथ आडवा होतो आणि आतला माणूस हसत हसत बोलतच राहतो.

आता हे चार तुकडे मनातल्या मनात काढून टाका. बाकी काही बदलू नका. एक नवा शॉट घेऊ नका, नटाकडून नवा शब्द वदवून घेऊ नका. काय झालं? तीच फुंकर, तोच वारा, पण आता तो जीवघेणा वाटतो! भीती त्या दृश्यात आधीपासून होतीच. आपल्याला ती दिसत नव्हती.

जगभरातले हौशी संकलक गेली पंचवीसेक वर्षं हेच करत आले आहेत. आवडता, पण कुठेतरी बिनसलेला चित्रपट घ्यायचा, घरच्या संगणकावर तो कापायचा, पुन्हा जोडायचा. ह्याला म्हणतात 'फॅन एडिट'. आणि विनोदाचा अतिरेक झालेले सुपरहिरोपटही त्यांना खुणावतात. पण हे मुळात शक्य कसं होतं? तयार झालेला, कोट्यवधी डॉलर खर्चून बनवलेला चित्रपट नुसत्या कात्रीने स्वभाव कसा बदलतो?

उत्तरासाठी शंभर वर्षं मागे, मॉस्कोत जावं लागेल. लेव्ह कुलेशोव्ह नावाच्या दिग्दर्शकाने १९२० च्या आसपास एक प्रयोग केला. इव्हान मोझुखिन ह्या प्रसिद्ध नटाच्या भावशून्य चेहऱ्याचा एकच शॉट घेतला. तो एकदा सुपाच्या वाडग्याशेजारी जोडला, एकदा शवपेटीशेजारी, एकदा सुंदर स्त्रीशेजारी. प्रेक्षकांना त्याच चेहऱ्यावर एकदा भूक दिसली, एकदा शोक, एकदा अभिलाषा. चेहरा मात्र तोच होता! भाव चेहऱ्यावर नव्हताच, तो दोन शॉटांच्या मधल्या सांध्यात जन्मला होता.

ह्याचा अर्थ फार खोल आहे. दुःखी चेहऱ्यापाठोपाठ विनोद आला की तो विनोद मागे हात घालून त्या दुःखाचाही अर्थ बदलतो. आपण मघाशी पाहिलं ते दुःख खरं होतं की थट्टेची तयारी, असं मन विचारू लागतं. म्हणून विनोद काढला की त्याच्या आधीचा आणि नंतरचा, असे दोन्ही शॉट बदलतात.

त्याच काळात सोव्हिएत रशियात परदेशी चित्रपट कापून, नव्याने जोडून दाखवण्याची रीतच होती. एस्फिर शूब ही संकलिका त्यात निष्णात. फ्रिट्झ लांगचा 'डॉक्टर माबुझे' ती नव्याने जोडत होती, तेव्हा तिच्या टेबलाशी शिकायला एक तरुण बसला होता: सर्गेई आइझेनश्टाइन. पुढे 'बॅटलशिप पोटेमकिन' करणारा हाच तो! जगातल्या सर्वश्रेष्ठ संकलन-विचारवंतांपैकी एक जण दुसऱ्याचा चित्रपट कापता कापता शिकला.

मग हे घराघरांत कधी आलं? २००१ च्या सुमारास अमेरिकेत एक व्हिडिओ कॅसेट हातोहात फिरू लागली. 'स्टार वॉर्स'चा १९९९ चा 'द फँटम मेनेस' तिच्यात होता, पण सुमारे वीस मिनिटांनी छोटा. जार जार बिंक्स ह्या विदूषकी पात्राच्या धडपडी, घसरणं, किंचाळणं बरंच कमी झालेलं. सिनेमावाल्यांत कुजबुज सुरू झाली, हे काम कुणाचं? दिग्दर्शक केव्हिन स्मिथचं नावही घेतलं गेलं. शेवटी माइक निकोल्स नावाचा संकलक पुढे आला आणि म्हणाला, मी केलं. त्या 'फँटम एडिट'ने हजारो लोकांना एक गोष्ट दाखवून दिली: प्रेक्षक तक्रार करून थांबलाच पाहिजे असं नाही. नंतर आणखी एका हौशी संकलकाने तर कमाल केली. त्याने जार जारला कापलंच नाही. त्याचं बोलणं विस्कटून अगम्य परग्रही भाषा केली आणि खाली नवी, गंभीर उपशीर्षकं दिली. तोच प्राणी, तेच हातवारे, पण तो अचानक शहाणा वाटू लागला!

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू, कारण खरी नवलाई तिथेच आहे. चित्र कापणं सोपं. अवघड आहे तो आवाज.

विचार करा. नायक गंभीर प्रसंगात एक फुसका विनोद करतो. त्या वाक्यामागे वाद्यवृंद वाजतोय. वाक्य कापलं तर संगीतही तुटणार, सूर मध्येच उडी मारणार, कानाला लगेच खटकणार. विणलेल्या स्वेटरमधला एकच टाका काढायचा आणि भोक पडू द्यायचं नाही, असलं हे काम. मग करायचं काय?

इथे एक गोष्ट मदतीला येते, ती मुळात ह्यासाठी बनलेलीच नाही. ब्लू-रे डिस्कवर चित्रपटाचा आवाज अनेकदा सहा वेगळ्या वाटांनी साठवलेला असतो: डावी, उजवी, मधली, मागच्या दोन आणि एक घनगंभीर धमाक्यांची. थिएटरात पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमधून पात्रांचं बोलणं यावं म्हणून संवाद बहुतेक वेळा मधल्या वाटेत ठेवतात. संगीत मुख्यतः डाव्या-उजव्या वाटेत पसरलेलं असतं. म्हणजे मधली वाट दोन सेकंद बंद केली की विनोद गायब, आणि व्हायोलिनं जशीच्या तशी चालू! हवेचा गोंगाट, पावलांचा आवाज एवढं गेलेलं असतं, ते चित्रपटातल्याच दुसऱ्या निवांत जागेवरून उचलून त्या फटीत भरायचं. अलीकडे तर मिसळलेल्या आवाजातून बोलणं आणि संगीत वेगळं काढणारे संगणकीय कार्यक्रम फुकट मिळतात. डीझर ह्या फ्रेंच कंपनीने २०१९ मध्ये 'स्प्लीटर' नावाचा असा कार्यक्रम सगळ्यांसाठी खुला केला.

पण ओठ? आवाज बंद केला तरी पडद्यावर ओठ हलतायत. मग त्या क्षणी ऐकणाऱ्याचा चेहरा दाखवायचा. संवादाच्या प्रसंगात ऐकणाऱ्यांचेही शॉट घेतलेले असतातच. दुसऱ्या मिनिटातली एक नजर उचलून ह्या मिनिटात बसवली, की कुलेशोव्हचा नियम आपोआप कामाला लागतो.

आणि कुठल्या फ्रेमवर कापायचं? एका सेकंदात चोवीस फ्रेमा. दोन-तीन इकडेतिकडे झाल्या तरी डोळ्याला टोचतं. थोर संकलक वॉल्टर मर्च 'द कॉन्व्हर्सेशन' कापत असताना त्यांच्या लक्षात आलं, की आपण जिथे काप घेतो, जवळजवळ तिथेच जीन हॅकमन पापणी मिटतो. पुन्हा पुन्हा! मर्चनी ताडलं, की माणूस एक विचार संपवून दुसऱ्याकडे वळतो तेव्हा पापणी लवते. नट खरोखर विचार करत असेल तर कापाची जागा तो स्वतःच दाखवतो. हेच हॅकमन 'सुपरमॅन'मधले खलनायक लेक्स ल्युथर, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट मात्र वेगळीच आहे. विनोदानंतर दिग्दर्शक हशासाठी जागा सोडतो. सेकंद-दीड सेकंद कुणी बोलत नाही. आता विनोद काढला आणि ती जागा तशीच ठेवली तर? हशासाठी राखलेली शांतता एकदम विचाराची, संकोचाची, शोकाची शांतता होते. नट तिथे काहीच करत नव्हता, प्रेक्षकांच्या हसण्याची वाट बघत होता. आपल्याला मात्र वाटतं, केवढा गहिवरलाय!

हे सगळं मनात ठेवून टायका वायटीटी ह्यांचा २०२२ चा 'थॉर : लव्ह अँड थंडर' बघा. सुरुवातीला रखरखीत वाळवंटात गॉर आपल्या मुलीला घेऊन फिरतोय. ती मरते. ज्या देवाची आयुष्यभर पूजा केली तो देव त्याला हसतो. ख्रिश्चन बेलने ही वेदना इतकी खरी केलीय की ती चित्रपटभर पुरली असती. पुढे थॉरची जुनी प्रेयसी जेन फॉस्टर हिला कर्करोग आहे, आणि जो हातोडा तिला बळ देतो तोच तिची रोगाशी लढायची ताकद शोषतोय. मुलगी गमावलेला बाप आणि मरणाच्या दारातली प्रेयसी! इतकं भक्कम कथानक किती सुपरहिरोपटांना लाभतं? आणि त्यावर काय येतं? नाव ओढणारे किंचाळणारे बोकड, पुन्हा पुन्हा. थॉरच्या जुन्या हातोड्याचा मत्सर करणारी त्याची कुऱ्हाड, हळूच चौकटीत सरकणारी. गंभीर क्षणाच्या शेपटीला बांधलेली चुटकी.

माझं मत स्पष्ट आहे: इथे सरसकट कात्री चालवणारा संकलक चुकतो. थॉर दुःख लपवायला थट्टा करतो, ती त्याच्या स्वभावातून येते. ती काढली तर माणूसच हरवेल. पण जो विनोद पात्राचा नसून चित्रपटाचा आहे, म्हणजे 'हे काही मनावर घेऊ नका' असं प्रेक्षकाच्या कानात सांगणारा, तो काढावा. बोकडांची पहिली किंकाळी ठेवा, ती खरंच मजेदार आहे. नंतरच्या मधल्या वाटेत शोधून मिटवा. गॉरच्या प्रसंगानंतर चार श्वासांची जागा द्या. काळोख्या छायालोकातला तो जवळजवळ कृष्णधवल प्रसंग तर तसाच राहू द्या, तिथे चित्रपट स्वतःच गंभीर झालाय. विनोद कमी झाले की उरलेले विनोद जास्त हसवतात, हा आणखी एक चमत्कार.

आणि 'सुपरमॅन २' मध्ये विनोद शिरला कसा? ही गोष्ट ऐकाच. रिचर्ड डॉनर ह्यांनी १९७७ पासून पहिला आणि दुसरा भाग एकत्रच चित्रित करायला घेतले होते. त्यांचा एकच आग्रह: माणूस उडतो हे प्रेक्षकाला खरं वाटलं पाहिजे. पहिला भाग १९७८ च्या डिसेंबरात आला, जगभर गाजला, आणि निर्मात्यांशी बिनसल्यामुळे दुसऱ्याचं बरंचसं काम झालेलं असताना डॉनर बाहेर फेकले गेले. त्यांच्या जागी आले रिचर्ड लेस्टर, बीटल्सच्या 'अ हार्ड डेज नाइट'चे दिग्दर्शक. त्यांची विनोदाची जाण मोठीच, पण ती ह्या जगाची नव्हती. त्यांनी खूप काही नव्याने चित्रित केलं. सुपरमॅनच्या वडिलांच्या भूमिकेतल्या मार्लन ब्रँडोंचे प्रसंग निर्मात्यांनी पैशाच्या वादातून गाळले. एकाच चित्रपटात दोन स्वभाव नांदू लागले.

चाहत्यांना सांधे दिसत होते. अमेरिकेच्या एबीसी वाहिनीने १९८४ मध्ये दाखवलेल्या लांब आवृत्तीत थिएटरात नसलेली दृश्यं होती. इतर देशांतल्या प्रक्षेपणांत आणखी काही. लोकांनी ती टेप केली, जपली, एकमेकांना पाठवली, जोडून बघितली. मूळ चित्रीकरण द्या, अशी मागणी वर्षानुवर्षं लावून धरली. आणि २००६ मध्ये, पहिल्या प्रदर्शनानंतर सव्वीस वर्षांनी, वॉर्नर ब्रदर्सने मायकेल थाऊ ह्यांच्या संकलनातून 'डॉनर आवृत्ती' खरोखर काढली!

तिच्यात रस्त्यावरच्या फुंकरीतले बरेच विनोद छाटलेत. ब्रँडो परत आलेत: शक्ती गमावून बसलेल्या मुलाला स्पर्श करून हा मृत बाप आपलं उरलंसुरलं तेज देऊन टाकतो. मूळ चित्रपटात सुपरमॅनची शक्ती परत कशी आली हे धड कळतच नव्हतं. आणि साधा पत्रकार म्हणून वावरणारा क्लार्क हाच सुपरमॅन, हे त्याची सहकारी लोइस हिला कळण्याचा प्रसंग? लेस्टरच्या आवृत्तीत क्लार्क अडखळतो, हात विस्तवात पडतो आणि भाजत नाही. डॉनरच्या पटकथेत लोइस त्याच्यावर सरळ पिस्तूल झाडते. पण हा प्रसंग कधी चित्रितच झाला नव्हता! मग थाऊ ह्यांनी ख्रिस्तोफर रीव्ह आणि मार्गो किडर ह्यांच्या, भूमिका मिळण्याआधीच्या चाचणी-चित्रीकरणाचे तुकडे जोडले. शॉटागणिक रीव्हचे केस बदलतात, खांदे कमीजास्त भरतात. तरीही प्रसंग छातीत बसतो, कारण दोघे एकमेकांना खरंच जोखत असतात.

फॅन एडिटवर कायद्याची टांगती तलवार आहे, कारण चित्रपट दुसऱ्याच्या मालकीचा. म्हणून ह्या मंडळींनी स्वतःला घातलेला दंडक मला मोलाचा वाटतो: पैसे घ्यायचे नाहीत, आणि ज्याच्याकडे मूळ डिस्क आहे त्यानेच बघायचं.

'सुपरमॅन २' च्या दोन्ही आवृत्त्या मात्र रीतसर मिळतात. लागोपाठच्या दोन संध्याकाळी बघा, आधी लेस्टरची, मग डॉनरची. दुसऱ्या दिवशी पिस्तुलाच्या प्रसंगाशी थांबा, मागे घ्या, आणि आवाज बंद करून फक्त दोघांच्या पापण्या बघा.