मेंडोसिनो : थंड समुद्राच्या आधाराने उभा असलेला वाईनचा प्रदेश

कॅलिफोर्नियातील वाईनचा विषय निघाला की नापा आणि सोनोमा ही दोन नावे प्रथम पुढे येतात. त्यांच्या उत्तरेस, सॅन फ्रान्सिस्कोपासून रस्त्याने सुमारे २५० किलोमीटर अंतरावर, प्रशांत महासागराच्या कड्यावर मेंडोसिनो हे गाव वसलेले आहे. गावाच्या दक्षिणेस नवारो नदी समुद्राला मिळते आणि याच नदीच्या वरच्या भागात अँडरसन खोऱ्यातील द्राक्षबागा पसरलेल्या आहेत. दोन-तीन दिवसांच्या निवांत मुक्कामासाठी हा परिसर प्रसिद्ध आहे. सकाळी खोऱ्यातील वाईनचा आस्वाद, दुपारी रेडवुड वृक्षांच्या सावलीतून प्रवास आणि रात्री समुद्राची गाज ऐकू येईल अशा जुन्या लाकडी अतिथिगृहात विश्रांती, असा येथील नेहमीचा क्रम असतो.

येथील वाईन, वनराई आणि हवेतील गारवा या तिन्ही गोष्टी एकाच कारणाने टिकून आहेत. ते कारण म्हणजे थंड समुद्र आणि त्यावरून येणारे धुके. अलीकडच्या वर्षांत मात्र पाणीटंचाई, वणवे आणि समुद्रातील तापमानवाढ यांमुळे या आधारालाच धक्के बसू लागले आहेत. त्यामुळे मेंडोसिनोकडे केवळ पर्यटनस्थळ म्हणून न पाहता, निसर्गाच्या समतोलावर एक संपूर्ण अर्थव्यवस्था कशी उभी राहते याचे उदाहरण म्हणूनही पाहणे उचित ठरते.

धुके कोठून येते?

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत उत्तरेकडून थंड सागरी प्रवाह वाहतो. वसंत आणि उन्हाळ्यात वायव्येकडून येणारे वारे पृष्ठभागावरील पाणी किनाऱ्यापासून दूर लोटतात व त्या जागी खोल समुद्रातील अधिक थंड पाणी वर येते. या पाण्यावरून जाणारी दमट हवा थंड होऊन धुके तयार होते. दुसरीकडे, आतल्या भागातील जमीन उन्हाने तापते, तेथील हवा वर जाते आणि समुद्रावरील गार हवा आत ओढली जाते. किनाऱ्यावरील डोंगररांग बहुतेक ठिकाणी ही हवा अडविते. नवारो नदीने मात्र या रांगेत वाट काढलेली असल्याने धुके सायंकाळी अँडरसन खोऱ्यात शिरते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उशिरापर्यंत रेंगाळते.

सुमारे २५ किलोमीटर लांबीच्या या खोऱ्यात त्यामुळे दिवस उबदार आणि रात्री थंड असतात. उन्हाळ्यात दिवस-रात्रीच्या तापमानात २० अंश सेल्सिअसहून अधिक फरक पडू शकतो. दिवसाच्या उन्हाने द्राक्षाच्या मण्यांत साखर भरते, तर रात्रीच्या गारव्याने आम्लता टिकून राहते. घड सावकाश पिकतात आणि सुगंध पूर्णपणे विकसित होतो. पिनो न्वार, शार्डोने, रिझलिंग आणि गेवुर्त्सट्रामिनर या थंड हवेच्या जाती येथे रुजल्या त्या याच कारणाने. खोऱ्याच्या समुद्राकडील, अधिक थंड टोकाला स्थानिक लोक ‘डीप एंड’ म्हणतात. तेथून बूनव्हिलकडे सरकावे तसतशी हवा उबदार होत जाते.

सफरचंदांपासून द्राक्षांकडे

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अँडरसन खोरे मेंढ्या, सफरचंदे आणि लाकूड यांसाठी ओळखले जात असे. १९६४ मध्ये डोनाल्ड एडमीड्स या डॉक्टरांनी येथे द्राक्षलागवड केली, तेव्हा इतक्या थंड हवेत द्राक्षे पिकतील यावर फारसा कोणाचा विश्वास नव्हता. १९७१ मध्ये हुश ही वाईनरी सुरू झाली आणि त्यानंतर काही वर्षांतच नवारो व्हाइनयार्ड्सची स्थापना झाली. १९८० च्या दशकाच्या आरंभी फ्रान्समधील शँपेन प्रदेशातील लुई रोडरर या जुन्या संस्थेने फेसाळ वाईनसाठी हेच खोरे निवडले. त्यामुळे या हवामानाच्या गुणवत्तेची जणू आंतरराष्ट्रीय पातळीवर नोंद झाली. १९८३ मध्ये अँडरसन खोऱ्याला अधिकृत द्राक्षप्रदेशाचा दर्जा मिळाला.

१९९७ मध्ये ‘मेंडोसिनो रिज’ या आणखी एका प्रदेशाला मान्यता देण्यात आली. समुद्रसपाटीपासून १,२०० फुटांहून उंच असलेले डोंगरमाथेच या प्रदेशात मोडतात. खाली धुके पसरले की हे माथे ढगांच्या समुद्रातील बेटांसारखे दिसतात.

नाशिकशी साम्य आणि भेद

महाराष्ट्रातील वाचकांना या वर्णनात नाशिकची आठवण होणे स्वाभाविक आहे. त्याला ऐतिहासिक आधारही आहे. कॅलिफोर्नियात शिक्षण घेऊन परतलेले राजीव सामंत यांनी नाशिकमध्ये सुला वाईनरी उभारली, तेव्हा मेंडोसिनोच्या शेजारच्या सोनोमा जिल्ह्यातील वाईनतज्ज्ञ केरी डॅम्स्की यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले होते. सुलाची पहिली वाईन २००० मध्ये बाजारात आली. द्राक्षबागेतच बसून वाईन चाखण्याची आणि तेथेच मुक्काम करण्याची कॅलिफोर्नियातील पद्धत पुढे नाशिकमध्येही रुजली.

दोन्ही ठिकाणच्या शेतीचे वेळापत्रक मात्र अगदी भिन्न आहे. मेंडोसिनोत हिवाळ्यात वेली सुप्तावस्थेत जातात, त्या काळात एकदाच छाटणी होते आणि ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत काढणी चालते. नाशिकमध्ये एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळ्यानंतर गोडी छाटणी अशा दोन छाटण्या होतात व काढणी प्रामुख्याने जानेवारी ते मार्च या काळात होते. नाशिकला गारवा मिळतो तो उंचीमुळे आणि हिवाळ्यातील रात्रींमुळे. मेंडोसिनोला तो समुद्राकडून मिळतो. थंडीची भीती मात्र दोन्हीकडे सारखीच आहे. निफाडचा पारा घसरला की शेतकरी बागांत शेकोट्या पेटवितात. अँडरसन खोऱ्यात वसंत ऋतूतील कोवळी फूट गोठू नये म्हणून वेलींवर पाण्याचे तुषार उडविले जातात किंवा मोठे पंखे फिरविले जातात.

वाईन चाखण्याची रीत

क्लोव्हरडेलहून निघणारा १२८ क्रमांकाचा राज्यमार्ग यॉर्कव्हिल, बूनव्हिल, फायलो आणि नवारो या वस्त्यांतून किनाऱ्याकडे जातो. बहुतेक वाईनऱ्यांचे आस्वादकक्ष याच मार्गावर किंवा त्यालगत आहेत. नापाच्या तुलनेत येथील वाईनऱ्या लहान आहेत आणि अनेक ठिकाणी वाईन ओतून देणारी व्यक्ती त्याच बागेत काम करणारी असते. तरीही पूर्वनोंदणी करून जाणे श्रेयस्कर ठरते.

वाईन चाखताना प्रथम फेसाळ आणि पांढऱ्या, त्यानंतर लाल व शेवटी गोड वाईन असा क्रम ठेवला जातो. प्रत्येक वेळी पेल्यात साधारण ३० मिलिलिटर इतकीच वाईन ओतली जाते. प्रथम रंग पाहावा, पेला हलकेच फिरवून गंध घ्यावा आणि मग छोटा घोट तोंडात घोळवावा. घोट गिळण्याऐवजी जवळ ठेवलेल्या भांड्यात टाकला तर त्यात यजमानांचा अवमान होत नाही. जाणकार मंडळी तसेच करतात. कॅलिफोर्नियात मद्यपानासाठी वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात. वाहनचालकाच्या रक्तातील मद्यार्काची सर्वसाधारण कायदेशीर मर्यादा तेथे ०.०८ टक्के आहे. भारतात ती १०० मिलिलिटर रक्तामागे ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के, इतकी कमी आहे. रस्ता अरुंद आणि वळणावळणाचा असल्याने मर्यादा कोणतीही असली तरी सोबत मद्य न घेतलेला चालक असणे आवश्यक आहे.

फायलोजवळील हेंडी वुड्स या राज्य उद्यानात पुरातन रेडवुड वृक्षांची दोन वने आहेत. येथे उन्हाळ्यात पाऊस जवळजवळ पडत नाही. त्या कोरड्या महिन्यांत हे उंच वृक्ष धुक्यातील ओलावा पानांवर धरून आपली तहान काही अंशी भागवितात.

मुंबईहून गेलेल्या जहाजाची कथा

मेंडोसिनो गावाच्या जन्मकथेत मुंबईचाही अप्रत्यक्ष वाटा आहे. ‘फ्रॉलिक’ हे अमेरिकन जहाज १८४० च्या दशकात मुंबईहून माळव्याची अफू चीनला नेत असे. पुढे वाफेच्या जहाजांमुळे त्याचा हा व्यापार मंदावला. कॅलिफोर्नियात सोने सापडल्यानंतर चिनी मातीची भांडी, रेशीम इत्यादी माल घेऊन ते सॅन फ्रान्सिस्कोकडे निघाले आणि जुलै १८५० मध्ये कब्रिलो भूशिराजवळ खडकांवर आदळून फुटले. तो माल मिळविण्यासाठी आलेल्या लोकांच्या हाती फारसे काही लागले नाही, कारण तेथील मूळ रहिवासी असलेल्या पोमो लोकांनी तो आधीच नेला होता. आलेल्यांच्या दृष्टीस पडली ती रेडवुडची अफाट जंगले. १८५२ मध्ये येथे लाकूड कापण्याची गिरणी सुरू झाली आणि तिच्याभोवती गाव वाढले. पोमो लोकांची भूमी मात्र त्यांच्या हातून गेली.

लाकडाच्या व्यापारातून आलेल्या संपत्तीने अमेरिकेच्या ईशान्य भागातील धर्तीची घरे येथे बांधली गेली. गिरणी बंद पडल्यानंतर गावाला उतरती कळा लागली. १९५९ मध्ये कलाकेंद्राची स्थापना झाली, चित्रकार येऊ लागले आणि जुनी घरे पुन्हा नांदती झाली. १८७८ चे मेंडोसिनो हॉटेल आणि १८८२ मध्ये लग्नाची भेट म्हणून बांधलेले मॅकॅलम हाऊस आज प्रवाशांच्या मुक्कामासाठी ओळखले जातात. दक्षिणेस एल्क येथे लाकूड कंपनीने १९१६ मध्ये बांधलेल्या हार्बर हाऊस या वास्तूतील उपाहारगृहाला २०२१ मध्ये दोन मिशलिन तारे मिळाले. या साऱ्या वास्तूंत भव्यतेपेक्षा घरगुती वातावरणावर भर असतो.

सुंदर टाक्या आणि कोरड्या विहिरी

मेंडोसिनोत फिरताना घरांमागे उभे असलेले लाकडी मनोरे लक्ष वेधून घेतात. पर्यटक त्यांची आवर्जून छायाचित्रे काढतात. हे मनोरे म्हणजे पाण्याच्या जुन्या टाक्या होत. गावात सार्वजनिक नळयोजना नसल्याने प्रत्येकाची स्वतःची विहीर आणि स्वतःची टाकी, ही व्यवस्था पहिल्यापासून चालत आलेली आहे. समुद्रकड्यावरील या उथळ विहिरी हिवाळ्यातील पावसावरच अवलंबून असतात.

२०२१ च्या दुष्काळात अनेक विहिरी आटल्या. शेजारच्या फोर्ट ब्रॅग शहरातून टँकरने पाणी आणले जात असे; परंतु तेथील नोयो नदीचा प्रवाह इतका घटला की भरतीचे खारे पाणी उपशाच्या ठिकाणापर्यंत येऊ लागले. परिणामी त्या शहराने बाहेर पाणी विकणे थांबविले. अखेर आतल्या भागातील युकाया येथून डोंगर ओलांडून पाणी आणावे लागले. सुमारे एक हजार लोकवस्तीच्या या गावात उन्हाळ्यात येणाऱ्या पर्यटकांची संख्या त्याहून मोठी असते. त्यामुळे काही व्यावसायिकांनी शौचालये बंद करून बाहेर फिरती शौचालये उभी केली. टँकरची वाट पाहणे हे चित्र मराठवाड्यातील वाचकांना अपरिचित नाही. संपन्न कॅलिफोर्नियातील नामांकित पर्यटनस्थळीही ते दिसू शकते, हे त्या वर्षाने दाखवून दिले.

दुसरा धोका धुराचा आहे. जून २००८ मध्ये विजा पडून लागलेल्या वणव्यांचा धूर अँडरसन खोऱ्यात साचला आणि त्या हंगामातील अनेक पिनो न्वार वाईनना जळकट वास आला. धुरातील संयुगे द्राक्षाच्या सालीत मुरतात. लाल वाईन सालीसह आंबविली जात असल्याने तिला याचा अधिक फटका बसतो. २०२० मध्ये उत्तर कॅलिफोर्नियातील ‘ऑगस्ट कॉम्प्लेक्स’ वणव्याने दहा लाख एकरांहून अधिक क्षेत्र जाळले, तेव्हा ही भीती पुन्हा जागी झाली.

समुद्रातील बदलही दुर्लक्ष करण्याजोगे नाहीत. २०१४ नंतरच्या सागरी उष्णतेच्या लाटेत आणि समुद्री साळींच्या प्रादुर्भावात उत्तर किनाऱ्यावरील केल्प या समुद्री वनस्पतीची ९० टक्क्यांहून अधिक वने नष्ट झाली. त्यांवर जगणारे ॲबलोनी हे शंखवर्गीय जीव उपासमारीने मेले आणि २०१८ पासून हौशी पाणबुड्यांना ते पकडण्यास बंदी करण्यात आली. त्यासाठी दरवर्षी येणारे पाहुणेही त्यामुळे दुरावले. धुक्याविषयी सांगायचे तर, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या बर्कली येथील संशोधकांच्या अभ्यासानुसार, विसाव्या शतकाच्या आरंभाशी तुलना करता या किनाऱ्यावरील उन्हाळी धुक्याचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटले आहे.

केव्हा जावे?

सप्टेंबर व ऑक्टोबर हा काळ सर्वांत अनुकूल मानला जातो. तेव्हा किनाऱ्यावर आकाश स्वच्छ असते आणि खोऱ्यात काढणीची लगबग असते. जुलै-ऑगस्टमध्ये किनारा दिवसचे दिवस धुक्यात बुडालेला असू शकतो. हिवाळ्यात स्थलांतर करणारे करडे देवमासे कड्यावरून दिसतात. परंतु नवारोच्या मुखाशी वाळूचा बांध तयार होऊन १२८ क्रमांकाचा मार्ग कधी कधी पाण्याखाली जातो, याची चौकशी आधी करावी. कोणत्याही ऋतूत गरम कपडे सोबत असावेत आणि मुक्कामाच्या ठिकाणी पाणी जपून वापरावे. उन्हाळ्यात येथे येणाऱ्या पाहुण्यांना धुके अनेकदा निराश करते. त्यांच्यासमोरील पेल्यात जी चव उतरलेली असते, ती मात्र त्या धुक्याचीच देणगी असते.