मागचा झिजतो, पुढचा म्हातारा होतो

आज पाककृती नाही, शिवणकाम नाही. आज टायर. होय, गाडीचाच टायर.

मागच्या महिन्यात गटाच्या बैठकीला बाहेर उभ्या असलेल्या स्कूटर मोजल्या, तर अकरा निघाल्या. काही वर्षांपूर्वी दोन असायच्या. गाडी आपली झाली, हप्ता आपण फेडतो, पेट्रोल आपण टाकतो. पण चाकाकडे बघायचं काम अजून घरातल्या पुरुषाचं, नाहीतर पंक्चरवाल्याचं. मीही तशीच होते, पडेपर्यंत.

गेल्या जूनमधली गोष्ट. पहिला पाऊस पडून गेला होता आणि मी डेअरीला दूध घालायला निघाले होते. मागे दोन कॅन बांधलेले. ओढ्याच्या पुलाअलीकडच्या वळणावर शेण-चिखल पसरला होता. वेग म्हणाल तर सायकलीएवढा. ब्रेक दाबला आणि हँडल हातातून निघूनच गेलं. ओरडायलाही वेळ मिळाला नाही. मनगट मोडलं, तीस लिटर दूध ओढ्यात गेलं, आणि दीड महिना धारा सासूबाईंनी काढल्या.

गंमत म्हणजे दोनच महिन्यांपूर्वी मी मागचा टायर नवा टाकला होता, पंधराशे रुपये मोजून. तेव्हा पुढच्याबद्दल विचारलं तर मेस्त्री म्हणाले, "ताई, पुढचा अजून तीन वर्षं मरत नाही. नक्षी बघा की केवढी आहे." मी बघितली. नक्षी खरंच होती. पण तो टायर गाडीइतकाच जुना, म्हणजे सात वर्षांचा होता, आणि त्याच्या कडेला आटलेल्या तळ्यासारख्या बारीक भेगा पडल्या होत्या. त्या ना त्यांनी दाखवल्या, ना मला दिसल्या.

आता मागचा टायर आधी का झिजतो, ते बघू. आपली चप्पल आठवा. सगळी चप्पल सारखी झिजत नाही. जिथे भार पडतो आणि जिथून आपण जमीन मागे रेटतो, तिथेच ती आधी पातळ होते. गाडीचंही तसंच. इंजिनाची ताकद फक्त मागच्या चाकाला जाते. रस्त्याला रेटून गाडी पुढे ढकलायचं काम त्या एकट्याचं. पुढचं चाक नुसतं गडगडत जातं. शिवाय वजनही मागेच जास्त.

किती जास्त, ते आम्ही डाळ मिलच्या वजनकाट्यावर बघितलं. एक चाक काट्यावर, दुसऱ्याखाली तेवढ्याच उंचीच्या फळ्या. रिकामी स्कूटर पुढे 42 किलो भरली, मागे 64. मी बसले, माझं वजन 55, तर पुढे 59 आणि मागे 102. मग सासूबाईंना मागे बसवलं. त्या 50 किलोच्या. पुढचा आकडा 60 वर गेला आणि मागचा थेट 151. म्हणजे त्यांचं जवळपास सगळं वजन एकट्या मागच्या चाकानं उचललं. सासूबाई खाली उतरल्यावर म्हणाल्या, "म्हणून का गं मला घेऊन जायचं म्हटलं की कुरकुरतेस?" असो.

यातली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. ओझं मागच्या चाकाच्याही मागे लोंबत असेल, तर पुढचं चाक उलट हलकं होतं. लहान मुलांच्या सी-सॉसारखं. कॅरिअरच्या टोकाला कडब्याची पेंढी किंवा जड कॅन बांधला की हँडल उगाच हलकं लागतं, ते यामुळे. हलकं चाक रस्ता नीट धरत नाही. माझे कॅन तसेच बांधलेले होते.

तर सर्वसाधारणपणे मागचे दोन टायर संपतात, तोवर पुढचा एक चालतो. यात गाडीचा दोष काही नाही. दोष आपल्या समजुतीत आहे, की पुढचा कमी झिजतो म्हणजे त्याला काम कमी. एसटीत उभ्यानं प्रवास करताना ड्रायव्हरनं ब्रेक मारला तर आपण कुठे पडतो? पुढेच. गाडीचं वजनही तसंच ब्रेक लागताच पुढच्या चाकावर येतं. म्हणून गाडी थांबवायचं जास्तीचं काम पुढचं चाक करतं, आणि वळवायचं तर सगळंच त्याचं. मागचं चाक घसरलं तर शेपूट हलल्यासारखी गाडी हलते, आपल्याला कळतं, सावरायला थोडी तरी सवड मिळते. पुढचं घसरलं की माझं झालं तसं होतं.

आणखी एक. पुढचा ब्रेक धरायला आपण बायका फार घाबरतो. पण 1 एप्रिल 2019 पासून 125 सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांत एका ब्रेकवर दोन्ही चाकं आवळली जातील अशी सोय सक्तीची झाली आहे. त्यांतल्या बहुतेक स्कूटरवर डाव्या हाताचा, म्हणजे मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. तुम्हाला वाटतं मी पुढचा ब्रेक वापरतच नाही, पण तो लागत असतो. मग टायर धड नको का?

आता एक जुना सल्ला. "मागचा अर्धा झिजला की तो पुढे टाका, पुढचा मागे घ्या." माझे सासरे हेच सांगायचे, आणि त्यांच्या बजाज चेतकला ते शोभायचंही. तिची दोन्ही चाकं सारखी, 10 इंची, वर स्टेपनी. त्यामुळे लोक चाकं फिरवत राहायचे. आजच्या कित्येक स्कूटरला पुढचं चाक 12 इंची आणि मागचं 10 इंची असतं, तिथे प्रश्नच मिटला. मोटारसायकलला पुढच्या टायरवर बहुधा लांब धावणाऱ्या सरळ रेघा असतात, गाडी सरळ धरायला, आणि मागच्यावर आडवे ठोकळे, जमीन पकडायला. कामं वेगळी म्हणून नक्षी वेगळी. आणि दोन्ही टायर एकाच मापाचे असले, तरी वापरून मधोमध सपाट झालेला मागचा टायर पुढे टाकला, की वळताना गाडी आडवी व्हायला अडते आणि मग एकदम पडल्यासारखी कलते. पैसे वाचवायचे तर दुसरीकडे वाचवा.

मग बघायचं काय? गाडी मधल्या स्टँडवर, इंजिन बंद. आधी डोळ्यांनी खिळा, काच, तार आहे का ते पाहा, मगच तळहात फिरवा. टायरच्या कडेला टीडब्ल्यूआय अशी इंग्रजी अक्षरं किंवा लहान त्रिकोण असतो. त्या रेषेत नक्षीच्या खाचेत बघितलं तर तळाशी छोटा उंचवटा दिसतो. नक्षी झिजून त्या उंचवट्याला टेकली की टायर संपला. पावसाचं पाणी बाजूला काढायला खाचच उरत नाही.

टायर कुठे झिजलाय, त्यावरून कारणही कळतं. मधोमध पट्टा पडला असेल तर हवा जास्त भरली जाते, किंवा गाडी फार सरळ रस्त्यानं पळते. दोन्ही कडा झिजल्या आणि मध्ये नक्षी शाबूत, तर हवा कमी. पुढच्या टायरवर हात फिरवताना भाकरीवरच्या फोडांसारखे उंचवटे-खळगे लागले, तर शॉकअप किंवा हँडलचा कोनसेट दाखवून घ्या. तिथे नुसता टायर बदलून उपयोग नाही, नवाही तसाच खाल्ला जाईल. एकच बाजू झिजत असेल तर चाक वाकडं आहे का ते विचारा, विशेषतः गाडी कधी आपटली असेल तर.

हवेचं प्रमाण गाडीच्या पुस्तकात असतं, बऱ्याच गाड्यांवर स्टिकरही असतो. पुढे आणि मागे आकडा वेगळा, आणि मागे माणूस बसणार असेल तर मागचा आणखी जास्त. पंक्चरवाला "दोन्हीत तीस मारू का?" विचारतो, तेव्हा नको म्हणा आणि आपला आकडा सांगा. हवा सकाळी, चाक गार असताना तपासलेली बरी. फार धावलेल्या टायरमध्ये आकडा वाढूनच दिसतो.

आणि वय. हे मेस्त्री सहसा सांगत नाहीत. टायरच्या कडेला लांबलचक अक्षरांच्या शेवटी चार आकडे असतात. समजा 2319 असेल, तर तो टायर 2019 सालच्या 23 व्या आठवड्यात तयार झाला. रबर उन्हानं वाळतं, कडक होतं, गाडी नुसती उभी असली तरी. आपल्याकडे तर ती दारात उन्हातच उभी असते. मागचा टायर म्हातारा व्हायच्या आत झिजून जातो. पुढचा झिजत नाही म्हणून म्हातारा होतो, आणि नक्षी शाबूत असल्यानं कुणाला संशय येत नाही. पाच वर्षं झाली की दर वर्षी नीट बघा, आणि कडेला किंवा खाचांत भेगा दिसल्या तर नक्षी कितीही असो, बदला. नवा घेतानाही ते चार आकडे वाचूनच घ्या. दुकानात पडून राहिलेला टायर नवा म्हणून मिळू शकतो. बसवताना कडेवरचा बाण चाक फिरतं त्या दिशेला आहे ना, तेही समोर उभं राहून बघा.

नवा टायर पहिले शंभरेक किलोमीटर गुळगुळीत लागतो, वरचा थर थोडा घासेपर्यंत. मी पुढचा टाकला तेव्हा आठवडाभर ओढ्याच्या वळणावर गाडी अगदी हळू घ्यायचे, आणि एकच कॅन न्यायचे, तोही पायाजवळ ठेवून.