कोणाला किती व्होल्ट?

बीगलबोन ब्लॅक हा तळहाताएवढा संगणक चालतो 5 व्होल्टवर. त्याच्या प्रोसेसरच्या गाभ्याला मात्र साधारण एकच व्होल्ट लागतो आणि एसडी कार्डाला 3.3. ही वाटणी मुख्यतः बोर्डावरची टीपीएस65217 ही चिप करते. यूएसबीला जोडलेलं उपकरण स्वतःची ओळख सांगतं, ही चिप सांगत नाही. मग लिनक्सला तिचा पत्ता लागतो कुठून?

डिव्हाइस ट्री नावाच्या मजकुरातून. बोर्डाचा नकाशाच तो. त्यात प्रत्येक रेग्युलेटरचं, म्हणजे ठरावीक व्होल्टेज पुरवणाऱ्या भागाचं, नाव आणि किमान-कमाल व्होल्टेज असतं, तेही मायक्रोव्होल्टमध्ये. प्रोसेसरच्या रेग्युलेटरपुढे 925000 आणि 1351500 असे आकडे दिसतात. कामाचा वेग वाढला की कर्नल, म्हणजे लिनक्सचा मुख्य भाग, व्होल्टेज चढवतो, उसंत मिळाली की उतरवतो, पण या मर्यादेतच. म्हणून हे दोन आकडे सगळ्यांत जपून लिहायचे. कमाल आकडा चुकून जास्त पडला, तर कर्नल तो खराच मानणार आणि चिप जळू शकते. डेटाशीट वाचायचा कंटाळा इथे परवडत नाही.

शिवाय वीज कोणाकडून कोणाकडे जाते, हेही लिहावं लागतं. ज्या रेग्युलेटरवर कोणी हक्क सांगितला नाही, तो बिनकामाचा समजून कर्नल बूट झाल्यावर बंद करतो. मेमरी तर कधीच मागणी नोंदवत नाही. तिच्या रेग्युलेटरवर ‘रेग्युलेटर-ऑलवेज-ऑन’ ही खूण नसेल, तर चालता बोर्ड अचानक गप्प होतो.